अपेक्षित ३७, तुमचं ३७

सोमवार, ३

ही वही संस्थेची. कव्हरवर 'शिकत राहा' असं छापलंय. आमचे संचालक, ज्यांना आम्ही मागून हसतमुख म्हणतो, त्यांनी मीटिंग संपल्यावर ती माझ्या हातात कोंबली. "मॅडम, राग आला की बोलण्याआधी लिहून काढत जा. मला फार फायदा झाला." ह्या माणसाला राग कधी येतो? ह्याच्यामुळे दुसऱ्यांना येतो, तोच बहुतेक स्वतःच्या खात्यात धरत असेल.

तर घ्या, लिहिते. मीटिंगमध्ये मी ओरडले हे खरं आहे. आमची संस्था नवशिक्यांना पायथन शिकवते, घरबसल्या, कॉम्प्युटरवर. सरावाचे प्रश्न मी तयार करते आणि ते तपासणारा प्रोग्रामही मीच लिहिते. त्याला मी तपासनीस म्हणते. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड तो चालवतो, त्याला एखादा आकडा भरवतो, बाहेर काय छापून येतं ते बघतो आणि उत्तराशी ताडून बरोबर की चूक ते सांगतो. पहिलाच प्रश्न घ्या. वय विचारा आणि पुढच्या वर्षीचं वय छापा. छत्तीस भरवले की सदतीस आले पाहिजेत. ह्यात वशिला नाही, दयामाया नाही, डुलकी नाही. माणसापेक्षा लाख पटीने बरा.

आज हसतमुख म्हणतात, उत्तर चुकल्यावर जो संदेश येतो तो फार लांब आहे, नवशिके घाबरतात, 'छोटा आणि प्रेमळ' करा, संध्याकाळपर्यंत. अरे, त्यात काय चुकलं ते नीट समजावलेलं होतं, म्हणून लांब होता! दोन आठवडे घासला होता मी तो. बरं म्हटलं, घ्या छोटा. तिथेच बसून कात्री चालवली. विद्यार्थ्याने काहीही छापलेलं असो, त्यातला फक्त शेवटचा शब्द दाखवायचा. अपेक्षित अमुक, तुमचं तमुक, उत्तर चूक. आणि खाली माझं एक वाक्य: सूचना नीट वाचा. प्रेमळ काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बुधवार, ५

आज जेवताना हा म्हणाला, "आमच्याकडे मशीन आलंय. पाहुणे स्वतःच नाव टाकणार, स्वतःच किल्ली घेणार."

हा म्हणजे माझा नवरा. वीस वर्षं एकाच हॉटेलच्या काउंटरवर उभा आहे. येणाऱ्याला नमस्कार, जाणाऱ्याला नमस्कार.

"बरं झालं," मी म्हटलं, "तुमच्याकडे किल्ली मिळेपर्यंत माणसाच्या पायाचे तुकडे पडतात."

हा भात कालवायला लागला. मग म्हणाला, "काउंटरवरच्या सगळ्यांना एक कोर्स करायला लावलाय. कॉम्प्युटरचा. महिनाअखेरपर्यंत पुरा करतील ते बुकिंगच्या ऑफिसात. बाकीचे घरी."

"मग कर की."

"करतोय. हॉटेलनेच नाव घातलंय."

"अडलं तर विचार मला."

"तुला विचारायचं म्हणजे आधी हेल्मेट घ्यायला हवं," हा म्हणाला, आणि आमची कार्टी ठसका लागेपर्यंत हसली. बापाने 'अं' म्हटलं तरी तिला विनोद वाटतो. कॉलेजात गेली, पण अक्कल तिथल्या तिथेच.

मग ह्याने सांगितलं की आज एका पाहुण्याने किल्लीला उशीर झाला म्हणून बॅग काउंटरवर आपटली, ह्याच्या बोटांवर. मी विचारलं, तू काय केलंस? तर म्हणे, "आपली बॅग फार सुंदर आहे, असं म्हटलं." ह्याचं हे असंच. राग जितका जास्त तितकी साखर जास्त. काउंटरवरची पोरं ओळखून आहेत म्हणे, साहेब 'आपण, आपण' करायला लागले की समोरच्याला ह्यांनी मनातून कधीच बाहेर काढलेलं असतं. मला मेलं असलं काही समजत नाही. राग म्हणजे आवाज. भांडं आपटावं, दार वाजावं, आणि दहा मिनिटांत विषय संपावा.

शुक्रवार, ७

नवी तुकडी सुरू झाली. बहुतेक जण ठिकठिकाणच्या कंपन्यांनी पाठवलेले आहेत, महिनाअखेरीला निकाल परस्पर त्यांच्या मालकांकडे जाणार. नावं आम्हाला दिसत नाहीत. ओळखपाळख नको, म्हणून संस्था प्रत्येकाला एका पक्ष्याचं नाव देते. बगळा, खंड्या, टिटवी. त्यांच्या पानावर कोपऱ्यात त्या पक्ष्याचं चित्रही असतं. कल्पना अर्थातच हसतमुखांची.

माझ्या पडद्यावर प्रत्येकाने काय लिहिलं आणि काय छापून आलं ते अक्षर न् अक्षर दिसतं. बगळा ठीक आहे. खंड्या दुसऱ्याचं बघून लिहितो, पण ठीक आहे. आणि एक आहे पाणकोंबडी. काय बाई आहे!

पायथनमध्ये इनपुट नावाची आज्ञा आहे, ती दिली की प्रोग्राम थांबून आकड्याची वाट बघतो. तिच्या कंसात एखादं वाक्य टाकलं तर ते आधी पडद्यावर उमटतं. मी कधीच टाकत नाही. रिकामा कंस. आकडा हवाय, आकडा द्या, संपलं. पाणकोंबडीने काय टाकावं? "नमस्कार! कृपया आपलं वय सांगाल का?" मग सदतीस. तपासनीस म्हणाला, चूक. म्हणणारच. तो छापलेलं सगळं बघतो, आणि छापून आलंय नमस्कारासकट. सूचनेत मी ठळक लिहिलंय, 'फक्त उत्तर छापा'. फक्त ह्या शब्दाचा अर्थ ज्याला कळत नाही त्याने पायथन कशाला शिकावं?

सोमवार, १०

मदतकक्षातली पोरगी सकाळपासून चार वेळा येऊन गेली. "मॅडम, तक्रारी येतायत. उत्तर बरोबर असून चूक म्हणतंय."

"बरोबर असेल तर चूक कसं म्हणेल?"

तरीही बघितलं. मी काही अगदीच दगड नाही. एकाने सदतीस मराठी आकड्यात छापले होते, एकाच्या मागे रिकाम्या जागा होत्या, एकाने मोबाईलवरून वाकडी अवतरणचिन्हं टाकली होती. तिन्हीची सोय केली. माझं स्वतःचं उत्तर चालवून बघितलं. झटक्यात बरोबर. मग उरलेल्या तक्रारी बघितल्या तर सगळे आपले गप्पिष्ट! कुणी 'वय टाका' म्हणतंय, कुणी 'तुमचं वय काय?' आणि आमची पाणकोंबडी तर दारात रांगोळी काढूनच बसलेली.

पोरगी म्हणाली, "एकदा माझ्या टेबलापाशी येता का? त्यांना काय दिसतं ते बघा ना."

"मला त्यांच्यापेक्षा जास्त दिसतं," मी म्हटलं. ती गेली. चालताना चपला फटफट वाजवत होती. राग आला तर बोलावं ना माणसाने!

बुधवार, १२

मूळ सापडलं. धड्यांचे व्हिडिओ करणारा जो आहे ना, तो दाढीवाला, त्यानेच शिकवलंय! तिसऱ्या व्हिडिओत स्वच्छ म्हणतो, "इनपुटच्या कंसात छानसं वाक्य लिहा, वापरणाऱ्याशी माणसासारखं बोला." मी तशीच त्याच्या खोलीत गेले.

"हे काय शिकवलंत?"

"चांगलं शिकवलंय की. रिकाम्या पडद्यासमोर माणूस बसला, तर त्याला कळणार कसं काय टाकायचं ते?"

"माझ्या तपासनिसाला कळतं."

"तो माणूस आहे का मॅडम?"

म्हणजे चूक ह्याची, आणि वर मलाच अक्कल शिकवतो. चोराच्या उलट्या बोंबा. मी हसतमुखांकडे गेले आणि म्हटलं, व्हिडिओ बदला. ते म्हणाले, व्हिडिओ बदलणं खर्चिक पडतं, तपासनीस बदला. मी म्हटलं, सूचना माझ्या बाजूने आहे, मी एक अक्षर बदलणार नाही. ते हसले आणि म्हणाले, "लिहून काढा."

काढतेय. काढतेय!

गुरुवार, १३

जेवताना माझं तोंड सुटलं ते सुटलंच. पाणकोंबडीचं सगळं पुराण सांगितलं. कंसातला नमस्कार मी तिच्या आवाजात करून दाखवला, मान वेळावून. मला वाटलं कार्टी हसेल. ती ताटात बघत बसली.

हा म्हणाला, "पण तिचं उत्तर बरोबर असेल तर?"

"बरोबर उत्तर आणि वर पाल्हाळ, म्हणजे चूक उत्तर."

"पाल्हाळ नको, असं तिला कुणी सांगितलंय का?"

"सूचनेत आहे. शिवाय चुकल्यावर समोर सगळं दिसतं की तिला!"

"दिसतं?"

"दिसतं म्हणजे काय, मी लिहिलंय ते!"

ह्याने मला भाजी वाढली. "आपण म्हणता तसंच असेल," म्हणाला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ह्याने थट्टा केली.

सोमवार, १७

आता तर हद्द झाली. पाणकोंबडी प्रश्न सोडून पुढे जाते, पुढचा प्रश्न करते, तो चुकतो, पुन्हा मागे येते आणि पहिला प्रश्न नव्याने करते. आणि दर वेळी काय बदलते? आकडेमोड? छे! ती अगदी चोख आहे, तिथे बोट ठेवायला जागा नाही. बदलते फक्त ते वाक्य. "नमस्कार! कृपया आपलं वय सांगाल का?" ह्याचं झालं, "आपली हरकत नसेल तर आपलं वय सांगण्याची कृपा करावी." मग, "क्षमा असावी, आपल्याला पुन्हा तसदी देत आहोत. आपलं वय?" आज दुपारी, "आपण फार संयमी आहात. आपलं वय सांगाल तर आम्ही आपले ऋणी राहू."

मुद्दाम! ही बाई मुद्दाम करतेय. समोर धडधडीत दिसतंय काय नको आहे ते, आणि तेच आणखी लांबवतेय. माझं डोकं असं भणाणलं की मी पाण्याचा ग्लास टेबलावर आपटला आणि मदतकक्षातली पोरगी दचकली.

एक मात्र आहे, घरी हल्ली बरं चाललंय. हा फार गोड वागतो. सकाळी मी "चहा ठेव" म्हणून ओरडायच्या आधीच कप समोर. "आपण साखर किती घेणार?" मी म्हटलं, अरे, वीस वर्षांत माहीत नाही का? तर वाकून म्हणतो, "आपल्या आवडीनिवडी बदलल्या असतील." नाटकी मेला. पण घरात आल्यावर कुणीतरी गोड बोललं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बुधवार, १९

आज पाणकोंबडीने मदतकक्षाला लिहिलं. पोरगीने मला वाचून दाखवलं. "माझं उत्तर आणि अपेक्षित उत्तर एकच आहे असं मला दिसतं. माझं काय चुकतं ते कळवलंत तर बरं होईल. माझी नोकरी ह्यावर आहे."

मी म्हटलं, उत्तर लिही: सूचना नीट वाचा.

"मॅडम, अहो..."

"लिही म्हणते ना!"

तिने लिहिलं. जेवताना मी हे सांगितलं आणि म्हटलं, "नोकरीची एवढी काळजी आहे तर एक ओळ वाचता येत नाही? असल्या माणसांनी ह्या वाटेला येऊच नये. गोड गोड बोलून आयुष्य काढलेलं असतं, दुसरं काही येत नसतं. मग मशीन आलं की रडत बसतात."

कार्टी ताडकन उठली. "आई, पुरे ना आता!" ताट तसंच टाकून आत गेली आणि दार असं आपटलं की वा. निदान ती तरी माझ्यावर गेलीये.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

"आपण जेवून घ्यावं," हा म्हणाला. "थंड होतंय."

शुक्रवार, २१

पाणकोंबडी थांबली! परवापासून तिच्या नावावर एक ओळ नाही. शेवटच्या धड्याचे तीन प्रश्न तिने उघडलेसुद्धा नाहीत. सुटले बाई.

घरी आले तर हा आधीच आलेला, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. हॉटेलातला कोट खुंटीवर नव्हता, पिशवीत होता.

"लवकर कसा आलास?"

"काउंटर काढायला सुरुवात केली. उभं राहायला जागा नाही."

"आणि तुझा तो कोर्स? झाला का?"

"माझ्यापुरता झाला."

"शाब्बास!" मी म्हटलं. मनापासून म्हटलं. ह्याने माझ्या ओढणीची घडी घातली, कडा कडांना नीट जुळवून, आणि माझ्या हातात दिली. "धन्यवाद," म्हणाला.

सोमवार, २४

लिहिण्यासारखं काही नाही. घरात फार शांत आहे. मी मुद्दाम एक डबा जोरात ठेवला. कुणी "काय झालं" म्हणूनसुद्धा विचारलं नाही. कार्टी माझ्याशी बोलत नाहीये, कारणही सांगत नाहीये. आणि हा इतका गोड बोलतोय की मला आता कंटाळा यायला लागलाय.

गुरुवार, २७

निकाल तयार झाले. अर्ध्याहून जास्त तुकडी नापास. हसतमुख खूश! "आपली परीक्षा कडक आहे असं बाजारात नाव होईल." उद्या निकाल कंपन्यांकडे जाणार.

मदतकक्षातली पोरगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, आणि आज प्रथमच तिचा आवाज चढला. "मॅडम, तुम्ही तिकडून बघता. एकदा, फक्त एकदा इकडून बघा! मी महिनाभर सांगतेय. माणसं फोनवर रडतात आणि मी त्यांना 'सूचना नीट वाचा' सांगते. मला लाज वाटते आता."

सगळं ऑफिस बघत होतं. मला राग आला, पण खरं सांगते, पोरगी आवडली. म्हटलं, "बघते घरी, विद्यार्थ्याच्या पानावरून. जा आता." तिला गप्प करायला म्हटलं.

शनिवार, २९

कुठून सुरुवात करू?

सकाळी सुट्टी म्हणून शब्द पाळायला बसले. माझ्या लॅपटॉपवर पान उघडलं की ते मला ओळखतं आणि माझाच पडदा दाखवतं, लेखकाचा. म्हणून ह्याचा लॅपटॉप घेतला. हा बाहेर गेला होता. संस्थेचं पान उघडलं. पानाने नाव-गाव काही विचारलं नाही, कुणीतरी आधीच आत होतं.

वर कोपऱ्यात पाणकोंबडीचं चित्र.

मला आधी वाटलं, हॅकिंग. देवाशपथ. पाणकोंबडी नावाच्या बाईने माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपात घुसून काहीतरी केलंय असं मला वाटलं. माणूस किती मूर्ख असू शकतो त्याला काही सीमा आहे का?

खाली पहिला प्रश्न. ह्याचा कोड. "आपण फार संयमी आहात." आणि त्याखाली तपासनिसाचा संदेश, इकडून दिसतो तसा:

अपेक्षित: ३७
तुमचं: ३७
उत्तर चूक.
सूचना नीट वाचा.

बस्स, एवढंच. ना नमस्कार, ना त्यातलं एक अक्षर. शेवटचा शब्द तेवढा. मीच कापलं होतं ते, रागाच्या भरात, छोटा हवा ना, घ्या छोटा म्हणून. आणि महिनाभर माझ्या पडद्यावर सगळं बघून म्हणत राहिले की त्यांना दिसतं, त्यांना दिसतं. काय दिसतं? सदतीसच्या खाली सदतीस! ह्याच्या जागी मी असते तर लॅपटॉप खिडकीतून फेकला असता. ह्याने काय केलं? आकडेमोड बरोबर, मी म्हणते ते पाल्हाळ पडद्यावर कुठेच नाही, आणि व्हिडिओ तर म्हणतो वाक्य लिहाच; मग बदलायला उरलं ते एकच वाक्य, ते बदलत बसला. चिडत गेला आणि गोड होत गेला. आणि रोज रात्री माझ्यासमोर बसून माझी नक्कल बघितली, मान वेळावून केलेली. भाजी वाढली मला!

कार्टी दारात उभी होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बाबांनी शपथ घातली होती."

"का?"

"म्हणाले, आई म्हणतेय की समोर दिसतं. मग माझंच चुकत असेल."

मी ओरडायला तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं ते कळेना. हसतमुखांवर, दाढीवाल्यावर, ह्या मुक्या बापलेकींवर? सगळ्यांवर ओरडून झालं तरी ती कात्री माझ्याच हातात होती. असा राग मला कधी आला नव्हता. ह्या रागाला आपटायला भांडंच नाही.

रविवार, ३०

सकाळी तपासनीस दुरुस्त केला. कंसातलं वाक्य आता तो बाजूला ठेवतो आणि उत्तर तेवढं तपासतो. संदेश पुन्हा लांब केला, अख्खा. मग सगळ्या तुकडीची सगळी जुनी उत्तरं पुन्हा चालवली. टिटवी पास, आणखी कितीतरी पास. पाणकोंबडी पहिल्या दिवसापासून बरोबर, एकूण एक प्रश्न. फक्त शेवटचे तीन कोरे.

हसतमुखांना फोन लावला. ते म्हणाले, निकाल परवाच गेले, आता बदलले तर संस्थेची नाचक्की. तुमचा संताप मी समजू शकतो, लिहून काढा.

"लिहूनच काढलंय," मी म्हटलं. "तीन तारखेपासूनचं आहे. संदेश छोटा करा असं कोण म्हणालं तेही आहे, आणि चुकीची कात्री कुणी चालवली तेही आहे. उद्या टिटवीच्या, खंड्याच्या आणि बगळ्याच्या मालकांना एकदमच वाचून दाखवू का?"

मग म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत सुधारित निकाल पाठवा." पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

मग ह्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होता. मी सगळं सांगितलं. तपासनीस, कात्री, सगळं. चुकलं म्हटलं. हा ऐकत होता, मान थोडी वाकवून, काउंटरवर ऐकतो तसा.

"तीन प्रश्न राहिलेत," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम आहे. उद्यापर्यंत वेळ आहे. चल, बस."

हा हलला नाही. माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. पुन्हा म्हटलं, "बसशील का?"

ह्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि हसून म्हणाला, "क्षमा असावी. आज जागा शिल्लक नाही. आपण केलेल्या चौकशीबद्दल आभारी आहोत."

तेव्हा मला बॅगवाला आठवला. आपली बॅग फार सुंदर आहे. मी तीन आठवडे बॅगवाला होते आणि मला वाटत होतं घरात बरं चाललंय!

चपला घातल्या आणि खाली उतरले. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, औषधांच्या दुकानापाशी उगीच उभी राहिले, दुकानदाराने काय हवंय विचारल्यावर परत फिरले. मला वाटलं होतं हा बसणार नाही. नोकरी गेली माझ्यामुळे, आणि मी म्हणायचे, मशीन आलं की रडत बसतात.

घरी येऊन माझा पडदा उघडला. पाणकोंबडीच्या नावावर तीन नवी उत्तरं होती. तिन्ही बरोबर. कंसात मात्र नमस्कार नव्हता, आपण नव्हतं, काही नव्हतं. तिन्ही कंस रिकामे. अगदी माझ्यासारखे. महिनाभर मला हेच हवं होतं, आणि आता बघवेना.

मंगळवार, १

सुधारित निकाल काल गेला. आज ह्याला हॉटेलात बोलावलं होतं. संध्याकाळी कोट हातावर टाकून आला. मी दारातच होते.

"काय झालं?"

"बुकिंगच्या ऑफिसात टेबल दिलंय. सोमवारपासून."

"झालं की मग!"

"आपली कृपा," हा म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

नोकरी राहिली. पण ह्या माणसाने मला मनातून बाहेर काढलंय, आणि किल्ली कुठे ठेवलीये ते मला माहीत नाही. ओरड ना बाबा! काहीतरी फेक! मला दोन शब्द सुनाव, दार आपट, माझ्या आईपर्यंत पोच. मी कशी गप्प बसून ऐकून घेईन ते बघ तरी. पण नाही. रात्री पांघरूण देताना म्हणतो, "आपल्याला आणखी काही हवंय?"

गुरुवार, ३

आज ऑफिसात मदतकक्षातल्या पोरीच्या शेजारी माझी खुर्ची हलवली. तिकडून बघण्यापेक्षा इकडून बघणं बरं. ती म्हणाली, मॅडम, पण ओरडायचं नाही हं. मी म्हटलं, प्रयत्न करीन.

घरी येऊन दूध तापत ठेवलं आणि लिहायला बसले. मनात एकच, आज ह्याच्याशी काय बोलू, कसं बोलू. वाक्य जुळवतेय आणि खोडतेय. हे आता कळतंय, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बदलत बसणं काय अस

थांबा. स्वयंपाकघरातून आरोळी आली. ह्याची.

"अगं ए! दूध उतू गेलं ना सगळं! लक्ष कुठे असतं तुझं? शेगडीचा सत्यानाश केलास! मी पुसणार नाहीये, सांगून ठेवतो!"

आणि भांडं आपटलं. चांगलं जोरात.

कार्टी तिच्या खोलीतून धावत आली आणि माझ्याकडे बघायला लागली, की मी रडतेय का हसतेय. मला तरी कुठे माहीत आहे. हे लिहीपर्यंत दुसरी हाक आलीये, पहिलीपेक्षा मोठी. जाते.